मालिशीने मिळणारा आराम नेमका किती खोलवर जातो?

पारसिक

नमस्कार. माझे वय ४६ आहे, मी कळव्यात राहते आणि फोर्टातील एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. कळव्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा धिम्या गाडीचा तासाहून अधिक प्रवास बहुतेक उभ्यानेच होतो. डाव्या हातात पिशवी आणि उजवा हात वरच्या कडीला, हे रोजचेच आहे. त्यानंतर आठ तास संगणकापुढे बसणे आणि संध्याकाळी तोच प्रवास पुन्हा.

गेली दोन वर्षे मानेच्या मुळापासून उजव्या खवाट्यापर्यंतचा भाग दुखतो. दुपारनंतर तो भरून येतो आणि रात्री कूस बदलताना चमक निघते. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून सांगितले की वयानुसार मणक्यांची थोडी झीज आहे, नस दाबली गेल्याचे लक्षण नाही, शस्त्रक्रियेचा प्रश्नच नाही, व्यायाम करा. व्यायामांचा कागद त्यांनी दिला. तो फ्रिजच्या दारावर लावलेला आहे आणि मी त्यातले काहीही नियमाने करत नाही, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे.

आमच्या इमारतीत बाळंतिणींना आणि बाळांना मालीश करायला एक मावशी येतात. गेल्या पावसाळ्यापासून मी दर रविवारी त्यांच्याकडून मान, खांदे आणि पाठ चोळून घेते. त्या तिळाचे तेल कोमट करतात, आधी नुसता तळवा फिरवतात आणि मग अंगठ्याने एकेक जागा शोधून हलकेच दाबतात. त्या रात्री मला सलग झोप लागते. सोमवार आणि मंगळवार बरे जातात. बुधवारी कल्याणहून भरून आलेल्या गाडीत शिरले की दुखणे पूर्वीच्याच जागी परत येते.

मध्यंतरी एका सहकारी मैत्रिणीने भेट म्हणून दिलेल्या कूपनावर अंधेरीच्या एका स्पामध्ये ‘डीप टिश्यू’ मसाज करून घेतला. तेथील मुलीने कोपराने इतके दाबले की माझ्या डोळ्यांत पाणी आले. थांबा म्हटल्यावर तिने सांगितले की दुखल्याशिवाय गाठ सुटत नाही. दुसऱ्या दिवशी पाठीवर काळेनिळे डाग होते. फोन करून विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत, भरपूर पाणी प्या.

मला मनापासून समजून घ्यायचे आहे की मावशींच्या हाताने जो आराम मिळतो तो केवळ तेवढ्यापुरता मनाचा असतो, की स्नायूंमध्ये खरोखर काही बदलते? बदलत असेल तर तो टिकत का नाही? जोराने रगडणे आवश्यक असते का? आणि कोणी, कधी मालीश मुळीच करून घेऊ नये? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

परळचा_फिजिओ

ताई, आपण प्रश्न फार नेमके विचारले आहेत. मी गेली अठरा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो, म्हणून जे ठामपणे सांगता येईल तेवढेच लिहितो.

सर्वप्रथम त्या डागांविषयी. काळेनिळे डाग म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून साचलेले रक्त. तो मुका मार आहे, त्यात बाहेर पडणारे विष कोणतेही नाही. रक्तातील टाकाऊ पदार्थ यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र वेगळे करत असतात आणि पाठ रगडल्याने त्या कामात भर पडत नाही. ‘लॅक्टिक अॅसिड साचले आहे, ते मोकळे करू’ हेही असेच रूढ झालेले वाक्य आहे. कठोर व्यायामानंतर वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप पूर्ववत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखते ते स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि तिच्या भरून येण्याच्या क्रियेमुळे.

मग आराम का पडतो? तो मनाचा खेळ नव्हे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी वेदनेसंबंधी ‘द्वार सिद्धान्त’ मांडला. त्याचा गाभा असा, की मज्जारज्जूत शिरताना वेदनेचे संदेश आणि स्पर्शाचे किंवा दाबाचे संदेश एकाच दारापाशी येतात, आणि स्पर्शाचे संदेश जोरकस असले तर वेदनेच्या संदेशांना तेथेच अटकाव होतो. कोपर दाराला आपटले की आपण नकळत ते चोळतो, ते याच कारणाने. त्या सिद्धान्तात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण ही मूळ कल्पना टिकून आहे. शिवाय केसाळ त्वचेत संथ, मऊ स्पर्शाला प्रतिसाद देणारे स्वतंत्र मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर इतक्या वेगाने हात फिरला तर ते सर्वाधिक जागे होतात आणि त्यांचा संदेश मेंदूतील भावनांशी निगडित भागांकडे जातो. आपल्या मावशी सुरुवातीला नुसता तळवा फिरवतात असे आपण लिहिले आहे. त्यांनी हे शास्त्र वाचलेले नसेल, पण त्यांच्या हाताला ते ठाऊक आहे.

आता तो टिकत का नाही, याविषयी. आपण जिला ‘गाठ’ म्हणतो ती बहुतेक वेळा दोरीसारखी पडलेली गाठ नसते. सतत ताणून धरलेला, थकलेला आणि मज्जासंस्थेने सावध करून ठेवलेला तो स्नायूचा भाग असतो. मालिशीने ती सावधता उतरते. परंतु ती ज्या कारणाने आली ते कारण तसेच राहते. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. मान पुढे काढून पडद्याकडे पाहत बसले की तेच वजन मानेच्या मागच्या स्नायूंना लांबवर धरलेल्या पिशवीसारखे पेलावे लागते. रविवारी उतरवलेला ताण बुधवारपर्यंत पुन्हा चढला, यात मावशींचा दोष नाही.

संशोधनाची साक्षही अशीच आहे. कंबरदुखीवरील मालिशीच्या २५ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली घेतला. त्यात काही काळापुरता वेदनेत फरक दिसला, दीर्घकाळाचा लाभ दिसला नाही, आणि पुराव्याचा दर्जाच कमी असल्याने या निष्कर्षांवर फारशी भिस्त ठेवता येत नाही, असे आढावा घेणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहिले. तरीही अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी जे उपाय सुचवले, त्यांत शेक आणि मालीश आहे. याचे कारण उघड आहे. असे दुखणे बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि तोवर कमी धोक्याचा उतारा हवा असतो.

माझी आपल्याला एवढीच विनंती आहे, की मावशी गेल्यावर लगेच आडवे होऊ नका. दुखणे उतरलेले ते दोन दिवस हीच व्यायामाची वेळ आहे. फ्रिजवरचा कागद त्याच वेळी काढा, कारण बुधवारी मान दुखत असताना तो व्यायाम आपल्याने होणार नाही.

नेरळकरीण

वरील प्रतिसाद वाचून बराच उलगडा झाला. माझा एक साधा प्रश्न आहे. तेल कोणते घ्यावे? आमच्याकडे खोबरेल वापरतात, शेजारी मोहरीचे सांगतात, आणि दुकानात नारायण तेलाची बाटली मिळते.

वैद्य_गिरगाव

आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि मूळ विषयाबद्दलही थोडे लिहितो.

तिळाचे तेल ही आयुर्वेदाची पहिली निवड आहे. ते वातशामक मानले आहे आणि वेदना, कोरडेपणा, ताठरपणा ही सर्व वाताची लक्षणे मानली जातात. नारायण किंवा महानारायण तेलातही मूळ आधार तिळाच्या तेलाचाच असून त्यात वनस्पतींचे काढे मुरवलेले असतात. खोबरेल थंड गुणाचे आहे, म्हणून चैत्र-वैशाखात डोक्याला आणि पित्तप्रकृतीच्या माणसाला ते मानवते. मोहरीचे तेल उष्ण आणि तीक्ष्ण आहे. नाजूक त्वचेला आणि विशेषतः तान्ह्या बाळाला ते लावू नये, असे माझे मत आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगासाठी दिलेला दृष्टान्त मला फार आवडतो. तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले चामडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस जसा मजबूत होतो आणि झीज सोसतो, तसे अभ्यंगाने शरीर होते, असे तेथे म्हटले आहे. यातील तिन्ही वस्तू रोज वापरातल्या आहेत, हे लक्षात घ्यावे. अभ्यंग हा मुळात दिनचर्येचा भाग आहे. दुखणे आल्यावर महिन्यातून एकदा करायचा तो उपचार नव्हे. ‘अष्टांगहृदय’ लिहिणाऱ्या वाग्भटानेही तो दिनचर्येच्याच अध्यायात घातला आहे आणि डोके, कान व पाय यांना विशेष करून तेल लावावे असे सांगितले आहे. आपण महाराष्ट्रात वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे, तेल-उटण्याने अभ्यंगस्नान करतो आणि उरलेले वर्ष ते विसरतो, याचे मला वाईट वाटते.

त्याच ठिकाणी वाग्भट निषेधही सांगतो, आणि तो भाग कोणी वाचत नाही. कफाने ग्रासलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि वमन-विरेचनासारखे शोधन, म्हणजे ओकारी किंवा जुलाब करवून केलेली शरीरशुद्धी, नुकतेच झालेल्याने अभ्यंग करू नये. माझ्या दवाखान्यात मी यात ज्वर जोडतो. ताप असताना अंग दुखते म्हणून घरची माणसे तेल चोळतात, ते टाळावे. जेवणावर लगेच मालीश नको, दोन-अडीच तास जाऊ द्यावेत.

ज्यांना मावशी किंवा वैद्य यांपैकी कोणीच उपलब्ध नाही, त्यांच्यासाठी काशाच्या वाटीचा जुना उपाय आहे. रात्री तळपायाला थोडे तूप लावून काशाची वाटी संथपणे फिरवावी, प्रत्येक पायाला दहा मिनिटे पुरतात. तूप काळे पडते ते शरीरातील उष्णता निघाल्यामुळे, असे अनेक जण समजतात. वस्तुतः तो धातूशी घर्षण झाल्याने येणारा रंग आहे. झोप मात्र खरोखर चांगली लागते.

लालबागकर

मी ७१ वर्षांचा आहे. वैद्यराजांनी अभ्यंगाविषयी लिहिले, त्यावरून मला तालमीतील मालीश आठवली, म्हणून लिहितो.

गिरणगावात आमच्या लहानपणी गल्लोगल्ली तालमी होत्या. जोर-बैठका आणि लाल मातीतली मेहनत झाली की पठ्ठे एकमेकांचे अंग रगडत. वस्ताद स्वतः उभे राहून पाहत आणि पोटरी कशी धरायची, गुडघ्याच्या वाटीवर जोर का द्यायचा नाही, पाठीच्या कण्यावर अंगठा का ठेवायचा नाही, कण्याच्या दोन्ही बाजूंनी का चालायचे, हे शिकवत. ज्याला रगडणे जमत नाही त्याला स्वतःच्या अंगाची ओळख नाही, असे ते म्हणत. गिरणीत बारा नंबरच्या खात्यावर माझे वडील उभ्याने काम करत. त्यांच्या पायांत रात्री गोळे येत. आई रोज झोपण्यापूर्वी त्यांच्या पोटऱ्या चेपून देई. त्या वेळी मला ते नुसते सेवेचे काम वाटे, आता त्याचा अर्थ कळतो.

गिरगाव चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खणखणवत फिरणारे चंपीवाले मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडून डोके चोळूनही घेतले आहे. इंग्रजीतील ‘शॅम्पू’ हा शब्द चंपीच्याच कुळातला आहे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटनच्या समुद्रकिनारी बाष्पस्नान आणि चंपीचे स्नानगृह चालवले आणि ते दोन राजांचे चंपीकार झाले. आपल्याकडच्या हातांचे कौशल्य इतक्या दूर पोहोचले, हे नव्या पिढीला ठाऊक असावे.

एक वाईट अनुभवही सांगतो. सात वर्षांपूर्वी एका केशकर्तनालयात दाढीनंतर डोक्याची मालीश झाली आणि कारागिराने न विचारता माझी हनुवटी धरून मान झटक्याने फिरवली. ‘कट’ असा आवाज झाला. त्या क्षणी हलके वाटले, पण घरी येईपर्यंत गरगरू लागले आणि तीन दिवस चालताना तोल जात होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सुदैवाने काही निघाले नाही. त्या कारागिराच्या मनात वाईट काही नव्हते. प्रत्येक गिऱ्हाइकाची मान तो अशीच मोडत होता आणि गिऱ्हाइकेही ते मागून घेत होती.

परळचा_फिजिओ

काका, आपण हे लिहिलेत ते फार बरे केलेत. मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या वर जातात. झटक्याने मान फिरवल्यास त्यांच्या आतल्या थराला चीर पडू शकते, तेथे गुठळी बनते आणि ती वर सरकल्यास पक्षाघाताचा झटका येतो. हे क्वचित घडते, पण वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद वारंवार झालेली आहे, आणि तरुण माणसांमध्येही झालेली आहे. ‘कट’ असा आवाज म्हणजे सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा आवाज असतो. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

केशकर्तनालयात बसल्या बसल्याच ‘मान मोडू नका’ असे सांगावे. मान झटकल्यानंतर गरगरणे, एकाएकी तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका बाजूला बधिरपणा जाणवला तर घरी थांबून वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे.

स्पर्शरेषा

मी हा धागा पडदावाचकाच्या साहाय्याने ऐकला. मी जन्मतः दृष्टिहीन आहे आणि दादरला मालीश हाच माझा चौदा वर्षांचा व्यवसाय आहे. आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद करून घेणाऱ्यांच्या बाजूचे आहेत, म्हणून करणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आमच्या व्यवसायाला मोठी परंपरा आहे. जपानमध्ये एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकात, सुगियामा वाइची या अंध वैद्याने सुईचिकित्सा आणि मर्दन शिकवण्याच्या शाळा उभ्या केल्या आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या दृष्टिहीनांचे हक्काचे काम झाले. दक्षिण कोरियात मालीशकाराचा परवाना कायद्याने दृष्टिहीनांनाच मिळतो. २००६ साली तेथील घटनात्मक न्यायालयाने ही मक्तेदारी रद्द केली तेव्हा दृष्टिहीनांनी मोठी आंदोलने केली, संसदेने कायदा बदलला आणि २००८ साली त्याच न्यायालयाने नवा कायदा ग्राह्य ठरवला. आपल्याकडे अशी तरतूद नाही. फिजिओथेरपिस्टची नोंदणी होते, पण मालीश करणाऱ्याने काय शिकलेले असावे हे कोणीच ठरवलेले नाही. त्यामुळे सहा महिने मन लावून शिकलेला आणि कालपासून पाटी लावून बसलेला, दोघेही गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात.

पारसिकताई, आपण विचारले की जोर आवश्यक असतो का. माझा अनुभव असा, की जोर हा हाताच्या अज्ञानातून येतो. स्नायूवर हात ठेवून त्याला हाताची सवय होऊ दिली, माणसाचा श्वास सुटताना दाब वाढवला आणि श्वास घेताना सैल केला, तर स्नायू आपण होऊन वाट देतो. एकदम कोपर घातले की तो आणखी आवळतो आणि मग करणारा त्याहून अधिक जोर लावतो. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, की दहापैकी सहा-सातच्या पुढे दुखले तर बोला. श्वास अडखळला, पायाची बोटे आखडली, की ते न बोलताही मला कळते. ‘दुखले तर सांगा’ हे वाक्य ज्या ठिकाणी कोणी उच्चारत नाही, तेथून उठून यावे.

सुरुवातीला विचारायचे प्रश्नही ठरलेले असले पाहिजेत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, मधुमेहामुळे पाय बधिर आहेत का, हाडे ठिसूळ झाल्याचे कोणी सांगितले आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, दिवस गेले आहेत का. हे प्रश्न विचारल्याने काही गिऱ्हाइके मी परत पाठवतो. त्या दिवशीची मजुरी जाते. परंतु साठी ओलांडलेल्या एखाद्या बाईंची बरगडी माझ्या हाताखाली मोडली तर ते दुःख मला जन्मभर पुरेल.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. या शहरात ‘मसाज पार्लर’ हा शब्द वर्तमानपत्रात बहुधा छाप्याच्या बातमीतच येतो, आणि त्याचा डाग प्रामाणिक माणसांना, विशेषतः या व्यवसायातील मुलींना, सोसावा लागतो. चांगल्या ठिकाणी जेवढा भाग चालू आहे तेवढाच उघडा असतो, बाकी अंगावर चादर असते, आणि कोठे हात लावायचा नाही हे आधी विचारले जाते. असे विचारल्याने गिऱ्हाईक अवघडत नाही, उलट त्याचे खांदे तेथेच अर्धे सैल होतात.

या कामाची झीज आमच्या अंगठ्यांना सोसावी लागते. पहिली पाच वर्षे मी सगळे अंगठ्यानेच केले आणि आज माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सकाळी कळ असते. आता मी पालथ्या हाताने आणि कोपराखालच्या सपाट भागाने, शरीराचे वजन पुढे टेकवून काम करतो. आपल्या मावशी जमिनीवर बसून, वाकून काम करत असतील. शक्य असेल तर आपण उंच पलंगावर किंवा टेबलावर झोपून त्यांना उभ्याने काम करू द्यावे. त्यांची कंबरही दुखतच असेल, त्या सांगत नसतील एवढेच.

मुलुंड_पूर्व

स्पर्शरेषा यांनी शस्त्रक्रियेचा प्रश्न काढला, त्यावर माझा अनुभव लिहिणे मला कर्तव्य वाटते. मागील वर्षी आईच्या गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर दहाव्या दिवशी तिची डावी पोटरी सुजली आणि हाताला गरम लागू लागली. शस्त्रक्रियेचा पाय तोच, त्यामुळे सूज असणारच असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. तेल गरम करून मालीश करण्यासाठी बाईही बोलावल्या. त्या बाईंनी पोटरीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. म्हणाल्या, ‘ही सूज मला बरी वाटत नाही, मी हात लावणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा.’ त्याच संध्याकाळी डॉपलर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. पोटरी चोळली असती तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्या बाईंचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. आमच्या घरात तीन पदवीधर होते आणि आम्हांपैकी एकालाही ते सुचले नाही. एकाच पायाला सूज, उष्णता आणि दाबल्यावर दुखणे, तेही शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर किंवा अनेक दिवस अंथरुणाला खिळल्यानंतर, असे दिसले तर कृपया तेलाची वाटी बाजूला ठेवावी.

ऐरोलीची_रात्रपाळी

माझे दुखणे अंगाचे कमी आणि मनाचे अधिक आहे. कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करते. सकाळी घरी आल्यावर छाती धडधडते, जबडा आवळलेला असतो आणि अंथरुणावर पडले तरी झोप येत नाही. एका ठिकाणी वाचले की मसाजने कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक झपाट्याने उतरते. हे खरे आहे का? दर आठवड्याला पैसे मोजून मसाज घेणे मला परवडणार नाही.

परळचा_फिजिओ

कॉर्टिसॉलविषयीचा तो दावा फार वर्षे सांगितला गेला. २०११ साली उपलब्ध अभ्यासांची पुन्हा बारकाईने मोजणी झाली तेव्हा तो परिणाम अगदी अल्प, बहुतेक ठिकाणी नसल्यासारखाच निघाला. परंतु म्हणून मालीश निरुपयोगी ठरत नाही. २००४ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात असे दिसले, की मालिशीच्या अनेक बैठका झाल्यावर चिंता आणि उदासीनता यांत पडणारा फरक मानसोपचाराने पडणाऱ्या फरकाशी तुलना करण्याजोगा होता. फरक पडतो, त्याचे कारण मात्र त्या एका संप्रेरकात सापडत नाही, एवढाच याचा अर्थ.

पैसे न मोजता करता येण्याजोगे सांगतो. घरातल्या कोणाकडून तरी दहा मिनिटे पाठीवरून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी, तळवा संथपणे खाली आणा, असे सांगा. सुती कपड्यावरूनही चालेल. घाई केली तर उपयोग कमी होतो. जबड्यासाठी दोन्ही हातांची बोटे कानापुढे, चावताना जेथे स्नायू फुगतो तेथे ठेवून, तोंड किंचित उघडे ठेवून लहान वर्तुळे फिरवा. हे स्वतःचे स्वतः करता येते. मात्र छातीची धडधड आणि निद्रानाश अनेक आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना अवश्य भेटा, थायरॉइड आणि रक्ताची तपासणी करून घ्या, आणि मन खचत असेल तर तेही त्यांना सांगा.

मूळ प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर राहिले होते, तेही येथेच देतो. मान किंवा कंबर दुखण्याबरोबर हातापायांत वाढता अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन घटणे किंवा झोपेतून उठवणारी, कोणत्याही कुशीवर न थांबणारी वेदना, यांपैकी काहीही असेल तर मालीश करून एक दिवसही घालवू नये.

पारसिक

सात आठवड्यांनी लिहिते आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

स्पर्शरेषा यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी पुढच्या रविवारी मावशींना विचारले की तुमचे काही दुखते का. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तेरा वर्षांत हे कोणी विचारले नव्हते.’ त्यांच्या दोन्ही मनगटांना रात्री मुंग्या येतात. त्यांना मी कळव्याच्या रुग्णालयात सोबत घेऊन गेले. तेथे मनगटातील नस दाबली जात असल्याचे निदान झाले आणि रात्री लावायचे पट्टे मिळाले. आता मी जेवणाच्या टेबलावर गादी अंथरून झोपते आणि त्या उभ्याने, कोपराखालच्या भागाने काम करतात. सुरुवातीला त्यांना ते परके वाटले, तिसऱ्या रविवारी जमले.

मावशी गेल्यावर मी फ्रिजवरच्या कागदातले चार व्यायाम करते, आणि सोमवार-मंगळवारीही करते. बुधवारी दुखणे येते, पण उशिरा येते, आणि गेले दोन आठवडे ते शुक्रवारपर्यंत आले नाही. गाडीत पिशवी पुढे छातीशी धरते आणि ठाण्याला व घाटकोपरला कडीचा हात बदलते. कार्यालयात पडद्याखाली दोन जुन्या जाडजूड खतावण्या ठेवून तो डोळ्यांच्या रेषेत आणला आहे.

परळच्या फिजिओंना एक विचारायचे आहे. दोन्ही खवाटे मागे ओढून धरायचा जो व्यायाम आहे, त्यात उजव्या बाजूला ‘कट-कट’ असा आवाज येतो. दुखत नाही. तो चालू ठेवू का?

परळचा_फिजिओ

दुखत नसेल आणि हातात मुंग्या येत नसतील तर चालू ठेवा. दहाऐवजी पंधरा वेळा करा. आणि मावशींनी रात्रीचे पट्टे लावूनही सहा आठवड्यांत मुंग्या कमी झाल्या नाहीत, तर त्यांना पुन्हा दाखवा. अंगठ्याच्या मुळाचा स्नायू बारीक होऊ लागण्याआधी ते झाले पाहिजे.